मैदानात मी कोणाची मावशी नाही

दिवाळी अंकासाठी लेख मागायला संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "शोभनाताई, तुमचे अंपायरिंगचे अनुभव लिहा ना. काहीतरी मजेशीर. फक्त ते अद्वैतचं प्रकरण नको हं, उगाच सगळ्यांना ऑकवर्ड होतं." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि ठरवलं की लिहायचं तर तेच. लोकांना ऑकवर्ड करणं हाच माझा इतक्या वर्षांचा धंदा होता. शिवाय आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, माझ्या पाठीमागे त्या प्रकरणाचे निरनिराळे पाठभेद फिरत असतात आणि त्यातला एकही माझा नाही. संपादकबाईंना कात्री चालवायची असेल तर त्यांनी चालवावी.

ज्यांना बेसबॉल म्हणजे चॅनेल बदलताना मध्येच दिसणारी गोष्ट एवढंच माहीत आहे, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. मी प्लेट अंपायर होते. क्रिकेटचा पंच बोलरच्या बाजूला, कोणाचे तरी स्वेटर कमरेला बांधून निवांत उभा असतो. आमचा पंच बॅटरच्या मागे, कॅचरच्या डोक्यावरून वाकून उभा असतो आणि चेंडू थेट त्याच्या तोंडाकडे येत असतो. म्हणून तोंडावर जाळीचा मास्क, छातीला पॅड, नडग्यांना पॅड. जमिनीत एक पांढरी पंचकोनी पाटी बसवलेली असते, ती होम प्लेट. तिच्यावर, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीच्या मध्यापर्यंत, हवेत एक चौकट आहे असं समजायचं. ती कोणालाच दिसत नाही. चेंडू त्या चौकटीतून गेला आणि बॅटरने सोडला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट, चार बॉल झाले की त्याला पहिल्या बेसवर आयतं जायला मिळतं. न दिसणाऱ्या त्या चौकटीबद्दल पंचाने दर चेंडूला छातीठोकपणे ओरडून सांगायचं, आणि दर वेळी मैदानातल्या निम्म्या माणसांना ते पटत नाही.

"तुम्ही ह्यात कुठून पडलात?" असं मला गोरे लोक विचारतात आणि मराठी लोक त्याहून जास्त आश्चर्याने विचारतात. मी अमरावतीची. आमच्याकडे शाळेतल्या मुली सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलचंच धाकटं भावंड, खेळायच्या, हे पुण्यामुंबईच्या माणसांना आजही खरं वाटत नाही. मी युनिव्हर्सिटीकडून कॅचर म्हणून खेळले. लग्न होऊन अमेरिकेत वेस्ट विंडसरला आले ती दिलीपच्या, म्हणजे नवऱ्याच्या, व्हिसावर. त्या व्हिसावर काम करायला बंदी. मुलगी सॉफ्टबॉल खेळायला लागली तेव्हा एका शनिवारी पंचच आला नाही. कोचने पालकांना विचारलं, "नियम कोणाला माहीत आहेत?" मी हात वर केला. सगळ्यांनी आधी माझ्या टिकलीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि दुसरं कोणीच पुढे येईना तेव्हा मला मास्क दिला. पुढे ग्रीन कार्ड आलं, मी परीक्षा दिल्या, मुलांच्या हायस्कूल बेसबॉलला उभी राहायला लागले आणि गुडघे जाईपर्यंत उभी राहिले.

आता रागाबद्दल. बेसबॉलमध्ये पंचावर चिडणं हा खेळाचाच भाग समजतात. पण त्या चिडण्याला कायदे आहेत, छापलेले थोडे आणि न छापलेले पुष्कळ. "तो कॉल भिकार होता," असं म्हणायला हरकत नाही. "तू भिकार आहेस," म्हटलं की मॅचमधून बाहेर. निर्णयाला काय वाटेल ते बोला, माणसाला नाही. बॅटने मातीत रेघ ओढून "चेंडू इथून गेला," असं दाखवलंत तर तोंडातून अक्षर न काढताही बाहेर, कारण सगळ्या गावासमोर पंचाला मूर्ख ठरवण्याची ती खूण आहे. बाहेर म्हणजे उरलेली मॅच तर गेलीच, हायस्कूलमध्ये त्यापुढची मॅचही गेली.

माझ्या खिशात एक छोटा ब्रश असायचा, प्लेटवरची माती झटकायला. लोकांना वाटतं तो स्वच्छतेसाठी असतो. खरं म्हणजे तो वेळ काढण्यासाठी असतो. कॅचरच्या हातावर चेंडू बसतो, पोरगं कळवळतं, पण "लागलं," म्हणायची लाज वाटते. अशा वेळी पंचाने पुढे जाऊन स्वच्छ असलेली प्लेट सावकाश झाडायची. पंचाला लागलं की कॅचर उगाचच पिचरशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याशी, गप्पा मारायला जातो. कोणी कोणाला थँक यू म्हणत नाही. आणि एखादा खेळाडू तणतणत जवळ आला की पंच मैदानाकडे पाठ करतो, वाकतो आणि झाडायला लागतो. त्याचा अर्थ असा की तुझं बोलून झालं, मी तुझ्याकडे बघत नाहीये, आता मुकाट्याने जागेवर जा, आपण दोघंही विसरू. बहुतेक जण जातात.

काही मात्र खास असतात. फ्रँक नावाचा एक म्हातारा कोच होता. एकदा माझ्या एका निर्णयावर तो डगआउटमधून, म्हणजे टीमच्या बसायच्या जागेतून, असा धावत आला की प्रेक्षक उभे राहिले. माझ्या नाकासमोर उभा राहून दोन्ही हात हवेत उडवत, मान लाल करून तो खालच्या आवाजात म्हणाला, "कॉल बरोबर होता. गुडघा कसा आहे?"

"उजवा बरा आहे, डावा त्रास देतो," मी कमरेवर हात ठेवून, भुवया चढवून म्हटलं.

"मला चांगली फिजिओथेरपिस्ट मिळाली आहे, मॅचनंतर नंबर देतो," तो बोट नाचवत म्हणाला. "आता प्लीज मला बाहेर काढ. माझी पोरं झोपली आहेत. कोच बाहेर गेला की जरा पेटतील."

"तुझी पोरं तू उठव, फ्रँक. मी नाही काढणार."

त्याने टोपी आपटली. मी ढिम्म. शेवटी त्याने प्लेटवर लाथेने माती उडवली, आणि मग मात्र नियमच असा आहे की मला हात वर करावाच लागला. जाताना डोळा मारून गेला. फिजिओथेरपिस्ट खरंच चांगली निघाली.

दुसरा एक केव्हिन, मोठ्या माणसांच्या रविवारच्या लीगमध्ये खेळायचा. धंद्याने डेंटिस्ट. तिसऱ्या स्ट्राइकवर आउट दिलं म्हणून त्याने टीमच्या सगळ्या बॅटी एकेक करून मैदानात फेकल्या. बाहेर काढला तर पार्किंग लॉटमध्ये गाडीत जाऊन बसला आणि माझ्या प्रत्येक कॉलला हॉर्न वाजवत राहिला. त्यानंतर काही आठवड्यांनी बॅटला चाटून मागे उडालेला एक फाउल बॉल माझ्या मास्कवर आदळला आणि दाढेतलं सिमेंट निखळलं. रविवारी उघडा असलेला दवाखाना शोधत गेले तर आतून केव्हिन बाहेर आला, पांढऱ्या कोटात. मला खुर्चीत झोपवलं, तोंडात कापूस कोंबला, ड्रिल सुरू केलं आणि ते हवेत धरून विचारलं, "आता सांग, तो बॉल होता की स्ट्राइक?" मला बोलता येत नव्हतं. मी उजवी मूठ वर केली. स्ट्राइकची खूण तीच असते. दाढ मात्र त्याने सुरेख भरली, अजून टिकून आहे.

माझा जोडीदार पंच रमोन. मी प्लेटमागे असले की तो बेसजवळ उभा राहायचा. आमच्या भागात स्पॅनिश बोलणारी मुलं पुष्कळ, म्हणून त्याने पहिल्याच सीझनमध्ये मला गाडीत बसवून त्या भाषेतले सगळे घाण शब्द शिकवले, उच्चारासकट. "पंचाला कळलं नाही म्हणून सुटला, असं कोणाचं होता कामा नये," असं त्याचं म्हणणं. मंडळाच्या कुठल्याही भाषावर्गात इतकी जलद प्रगती झालेली मी पाहिलेली नाही.

तर अद्वैत. माझी मैत्रीण रश्मी आणि तिचा नवरा मिलिंद यांचा मुलगा. दोघं पुण्याचे, आयटीतले, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. रश्मीला ऑफिसातून उशीर झाला की अद्वैत माझ्याकडे जेवायचा. तो लहान असताना मी त्याचे डायपर बदललेत. शोभनामावशीची साबुदाण्याची खिचडी त्याला आईच्या खिचडीपेक्षा आवडायची आणि हे तो आईसमोर सांगायचा. हायस्कूलमध्ये गेला तो ताडमाड वाढला, डावखुरा पिचर झाला आणि इतका चांगला झाला की कॉलेजांचे कोच चौकशी करायला लागले. एका मोठ्या कॉलेजचा कोच त्याला काउंटी स्पर्धेच्या सेमीफायनलला बघायला येणार होता. रश्मीने ही बातमी मला सांगितली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

सेमीफायनलच्या आधीची मॅच माझ्याकडे आली. मॅचेस वाटून देणाऱ्या माणसाचं नाव जो. मी त्याला म्हटलं, "हा मुलगा माझ्या घरचा आहे, दुसऱ्याला पाठव." तो म्हणाला, "शोभना, दोघं आजारी आहेत, एक लग्नाला गेलाय. ह्या गावात तू कोणाला ओळखत नाहीस ते सांग." मॅचआधी मी दोन्ही कोचना हे सांगितलं. दोघंही चालेल म्हणाले. अद्वैत प्लेटजवळ येऊन म्हणाला, "हाय, मावशी." आमचे शर्ट निळे असतात म्हणून पंचाला सगळे 'ब्लू' म्हणतात. "ब्लू," मी म्हटलं. तो हसून म्हणाला, "राइट. हाय, ब्लू."

मॅच चुरशीची झाली. शेवटच्या टप्प्यात दोन्ही टीम बरोबरीत, तिन्ही बेसवर समोरच्या टीमची मुलं, आणि बॅटरचे तीन बॉल झालेले. अजून एक बॉल म्हणजे सगळे एकेक बेस पुढे सरकणार आणि त्यांना आयता रन. अद्वैतने चेंडू टाकला. तो खाली, गुडघ्याच्या खालून आला. मी म्हटलं, "बॉल."

रन झाला. तिकडे कल्ला उसळला. अद्वैत हात पसरून प्लेटकडे चालत आला.

"व्हेअर वॉज दॅट?"

"लो."

"नो वे. दॅट वॉज राइट देअर."

इथपर्यंत सगळं नियमात होतं. सतरा वर्षांच्या मुलाला एवढं बोलू द्यावं, मी नेहमीच देत आले. मी म्हटलं, "इनफ. गो पिच." आणि त्याला सन्मानाने परत जाता यावं म्हणून मी पाठ केली, वाकले आणि प्लेट झाडायला लागले.

माझ्या वाकलेल्या पाठीवर त्याने तो शब्द टाकला. मराठीत. एक 'म्हातारी' आणि तिच्या आधी एक शब्द, जो ह्या अंकात छापता येणार नाही. मराठी शाळेत चार वर्षं घालूनही ज्याला 'ळ' म्हणता येत नाही, त्या मुलाने तो शब्द इतका स्वच्छ उच्चारला की कुठून शिकला असेल ते मला लगेच कळलं. मिलिंदच्या गाडीत मी बसलेली आहे. कोणी गाडी आडवी घातली की तो हेच म्हणतो.

मी उभी राहिले, ब्रश खिशात टाकला, वळले आणि हात वर फेकला. "यू आर डन."

त्याचा कोच धावत आला. "काय म्हणाला तो?"

"त्याला विचार."

"तो म्हणतो, काहीच नाही."

"तो माझ्या भाषेत म्हणाला, कोच. मला कळलं."

कोच रमोनकडे वळला, रमोनने खांदे उडवले. कॅचरने ऐकलं होतं, पण त्याला ते नुसते आवाज वाटले. सबंध मैदानात तो शब्द कळलेली माणसं तीन: म्हणणारा, मी, आणि पहिल्या रांगेत घडीची खुर्ची टाकून बसलेला मिलिंद, ज्याने ताबडतोब स्वतःच्या बुटांकडे बघायला सुरुवात केली होती. रश्मी तेवढ्यात पाण्याच्या बाटल्या आणायला गाडीकडे गेली होती.

बाहेर काढलं की त्याच दिवशी रिपोर्ट द्यावा लागतो आणि त्यात शब्द जसाच्या तसा लिहावा लागतो. मी लिहिला, अर्थासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी रश्मी आली. नेहमीसारखी मागच्या दाराने, स्वयंपाकघरात. मी चहा टाकला. तिने कपाला हातही लावला नाही.

"ताई, तू फक्त एवढंच कळव की नीट ऐकू आलं नाही. सेमीफायनल आहे गं. तो कोच फक्त त्याच्यासाठी ड्राइव्ह करून येतोय."

"मला नीट ऐकू आलं, रश्मी."

"लहान आहे तो. त्याला मीनिंग तरी माहीत असेल का?"

"माहीत नसतं तर त्याने माझी पाठ वळायची वाट पाहिली नसती."

ती खुर्ची पुढे ओढून बसली. मग म्हणाली, "अगं पण तिथे तुझ्याशिवाय कोणाला कळलं? कोणालाच नाही ना?"

हे ती वाईट हेतूने म्हणाली नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी तिला म्हटलं, "मला कळलं. मी कोणीच नाही का?" ती उठून गेली. चहा तसाच राहिला. मी सिंकमध्ये ओतला आणि मग बराच वेळ तिथेच उभी राहिले.

पंचाने बाहेर काढलं तर त्यावर अपील नसतं. पण पंचाविरुद्ध तक्रार करता येते. मिलिंदने ती केली. पंचाची कुटुंबाशी वैयक्तिक ओळख आहे, तिने साध्या उद्गाराचा मनाने वाईट अर्थ लावला, असं त्याने लिहिलं. तक्रार खरी ठरली असती तर अद्वैतची शिक्षा रद्द होऊन तो सेमीफायनल खेळला असता आणि माझं नाव पंचांच्या यादीतून गेलं असतं. खोटारडी पंच म्हणून. मंडळाच्या ग्रुपवर तोपर्यंत चर्चा पेटली होती. आपल्याच मुलाचे पाय आपणच ओढायचे का, एवढा कसला इगो, आपल्या माणसांना सांभाळून घ्यायला नको का. दिलीपने शांतपणे माझ्या हातातून फोन घेतला आणि ग्रुप म्यूट केला. "सुनावणीला साडी नेसून जाऊ नकोस," तो एवढंच म्हणाला, "निळा शर्ट घालून जा." मी निळा शर्ट घालून गेले.

शाळेच्या ऑफिसात एक लांब टेबल. टेबलाच्या टोकाला लीगच्या अध्यक्ष डायेनबाई, शेजारी जो आणि शाळेचा कोच. समोर मिलिंद, रश्मी आणि मध्ये अद्वैत, टाय घालून. मिलिंदने आधी फोन काढून त्या चेंडूचा व्हिडिओ दाखवला, पुन्हा पुन्हा, सावकाश करून. त्यात चेंडू चौकटीतून गेल्यासारखा दिसत होता.

डायेनबाईंनी मला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. मी म्हटलं, "असेल स्ट्राइक. मला तेव्हा बॉल दिसला, मी बॉल म्हटलं. आज पुन्हा तसाच आला तर पुन्हा तेच म्हणेन. पण आपण इथे चेंडूसाठी बसलेलो नाही." आता म्हणे मोठ्या लीगमध्ये चौकट मोजायला यंत्र येतंय. येऊ दे. त्याच्या पाठीवर कोणी शिवी टाकली तर ते काय करणार आहे, ते मला बघायचंय.

मग त्यांनी मला तो शब्द म्हणायला सांगितला. मी म्हटला. आयुष्यात पहिल्यांदाच तो माझ्या तोंडून बाहेर पडला, तोही टेबलाशी ताठ बसून, शर्टाच्या खिशाला पेन लावून. मग त्याचा इंग्रजी अर्थ सांगितला. जो छताकडे बघायला लागला.

मिलिंद हसला. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये हसतो तसं, मोकळं. त्याने इंग्रजीत समजावून सांगितलं की हा आमच्याकडचा अगदी रोजचा शब्द आहे, वैताग आला की तोंडातून निघतो, 'ओ मॅन' म्हणतात ना तसा. मिसेस इंगळे, म्हणजे मी, जुन्या पिढीच्या आहेत, त्यांना तो जास्त लागला असेल. "माझी बायकोही सांगेल."

सगळ्यांनी रश्मीकडे पाहिलं. रश्मी स्वतःच्या नखांकडे बघत म्हणाली, "इट्स नॉट दॅट बॅड."

हे मला लागलं. शिवीपेक्षा जास्त लागलं. डायेनबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे ही भाषा येणारी दोन माणसं एक अर्थ सांगतायत आणि एक माणूस दुसरा." मराठी शब्दाचा अर्थ आता बहुमताने ठरणार होता, आणि माझ्याकडे माझं एकच मत होतं.

मिलिंदची आई त्या वसंतात नाशिकहून आलेली होती. कुसुमकाकू. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या, करारी बाई. मी मिलिंदकडे बघून मराठीत म्हटलं, "मिलिंद, काकू आत्ता घरी आहेत ना?"

"आहेत. का?"

"त्यांना फोन लावा. स्पीकरवर ठेवा. आणि हा शब्द, ह्या पोराने म्हटला तसाच, पुढच्या 'म्हातारी'सकट, त्यांना म्हणून दाखवा. एवढा साधा असेल तर त्या हसतील. मग मी रिपोर्ट मागे घेते आणि मास्कही परत करते. आत्ताच्या आत्ता."

फोन त्याच्या समोरच होता, त्यावर अजून तो चेंडू मध्येच थांबलेला होता. मिलिंदने फोन उचलला. बोटाने काहीतरी सरकवलं. मग तो उलटा करून टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसला. रश्मीने डोळे पुसायला सुरुवात केली.

डायेनबाईंनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "त्या काय म्हणाल्या? कोणी मला सांगेल का?"

मिलिंदचा हात फोनवरच राहिला. मग अद्वैत बोलला, इंग्रजीत, टेबलाकडे बघत. "त्या म्हणाल्या, डॅडनी माझ्या आजीला फोन करून तो शब्द म्हणून दाखवावा." मग टाय सैल केला. "ते नाही म्हणणार."

तक्रार तिथेच निकालात निघाली. अद्वैत सेमीफायनलला बाकावर बसला, टीम हरली, आणि तो मोठ्या कॉलेजचा कोच आला तो दुसऱ्याच एका मुलाचं नाव लिहून घेऊन गेला. अद्वैत आता एका लहान कॉलेजात खेळतो, बरा खेळतो असं कानावर येतं. मिलिंद दुकानात दिसला तर मान वळवतो. रश्मी वळवत नाही, पण थांबतही नाही. मागच्या दाराने आता कोणी येत नाही. त्याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं, आणि ते कमी होईल असं म्हणायची मला सोय नाही.

लोक अजून विचारतात, एका शब्दासाठी पोराचं एवढं नुकसान करायचं का? मी इंग्रजीत शिवी देणारे बाहेर काढले, स्पॅनिशमध्ये देणारे काढले. तेही सगळे कोणाचे तरी मुलगे होते, त्यांच्याही आया खुर्च्या टाकून बसलेल्या असायच्या, त्यांनाही बघायला कोणी ना कोणी येणार असायचं. त्यांच्या वेळी मंडळातलं कोणी मला म्हणालं नाही की सांभाळून घे. आणि मराठीतली शिवी तेवढी घरातली म्हणून मी गिळायची? ती तर मला सगळ्यात नीट कळते.